फुल रेंज असूनही नेट का चालत नाही? नरसीतल्या मोबाईलपासून गेटवेच्या दरवाजांपर्यंत

आषाढीची वारी करून पंढरपूरहून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवला येतात. हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठावर वसलेलं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. परतवारीच्या या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. चहा, फुलं, प्रसाद, खेळणी अशी दुकानं लागतात आणि आता त्यातल्या बहुतेकांकडे क्यूआर कोडची पाटी असते.

समजा, अशाच गर्दीत एका वारकऱ्यानं वीस रुपयांचा चहा घेतला आणि कोड स्कॅन केला. मोबाईलवर फुल रेंज आहे, फोरजीचं चिन्हही दिसतंय. पण पेमेंट काही पुढं सरकत नाही, गोल चक्र नुसतं फिरत राहतं. पैसे कापले गेले की नाही हे वारकऱ्याला कळत नाही आणि आले की नाही हे चहावाल्याला कळत नाही. दोघंही म्हणतात, "टॉवर गंडलाय."

जत्रेच्या गर्दीत बऱ्याचदा ते खरंही असतं. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि एकाच वेळी हजारो फोन त्याच्यावर तुटून पडले की तो कमी पडतो. म्हणूनच मोठ्या यात्रांना कंपन्या चाकांवरचे फिरते टॉवर आणून उभे करतात. पण फुल रेंज असून नेट बंद असण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते गावात शोधून सापडत नाही. ते असतं शेकडो किलोमीटर दूर, एखाद्या मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये. त्या यंत्राचं नाव गेटवे. त्याचे दरवाजे, म्हणजे इंटरफेस, कसे लावायचे याचे काही ठरलेले नियम आहेत. त्यातला एखादा चुकला, तर नरसीतला टॉवर ठणठणीत असूनही चहाचे वीस रुपये अडकतात.

गेटवे म्हणजे नेमकं काय?

जुन्या गावांना वेस असायची. गावातून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक माणूस वेशीतूनच जायचा. मोबाईल नेटवर्कमधलं गेटवेचं काम तसंच आहे. कंपनीचं नेटवर्क हे गाव, इंटरनेट हे बाहेरचं जग आणि गेटवे ही वेस.

नरसीतल्या फोनमधून निघालेला डेटा आधी टॉवरवर जातो. तिथून फायबर किंवा मायक्रोवेव्ह लिंकनं हिंगोलीसारख्या ठिकाणी, तिथून कंपनीच्या मोठ्या फायबर मार्गावर आणि शेवटी गेटवेवर पोहोचतो. गेटवे कुठल्या शहरात ठेवायचा हे कंपनी ठरवते. तो मुंबई परिसरात असेल, तर हे अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर होतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे नुसत्या जाण्यायेण्याला सहाएक मिलिसेकंद लागतात. माणसाला ते जाणवतही नाही. म्हणजे अडचण अंतराची नसते, वेशीवर काय होतं याची असते.

गेटवेवर तीन मुख्य कामं होतात. पहिलं, फोनला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस देणं. दुसरं, प्रत्येकानं किती डेटा वापरला याची मोजणी करणं. तिसरं, नियम लागू करणं. दिवसाचा दीड किंवा दोन जीबीचा कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, तो चिमटा इथंच बसतो.

प्रत्येक पिढीत या यंत्राचं नाव बदललं. टूजी-थ्रीजीच्या काळात ते जीजीएसएन होतं. फोरजीत त्याचे एस-गेटवे आणि पी-गेटवे असे दोन भाग झाले. फाइव्हजीत डेटा वाहून नेणाऱ्या भागाला यूपीएफ म्हणतात. कोणत्या दरवाजावर कोणती भाषा बोलायची याचे मानक थ्रीजीपीपी ही जागतिक संघटना ठरवते, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. एरिक्सन, नोकिया, सिस्को, हुवावे ही या क्षेत्रातली मोठी नावं. बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीमध्ये मात्र हा गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेनं तयार केला आहे.

दरवाजे किती आणि कोणते?

इंटरफेस म्हटलं की केबल खुपसायचं भोक डोळ्यांसमोर येतं. तो झाला फिजिकल पोर्ट. पण एकाच पोर्टावर अनेक लॉजिकल इंटरफेस असू शकतात. एकाच दरवाजातून दूधवाला, पोस्टमन आणि पाहुणे येतात, पण प्रत्येकाचं काम आणि त्याला कुठवर आत घ्यायचं हे वेगळं असतं, तसं.

फोरजीच्या गेटवेवरचे महत्त्वाचे दरवाजे असे:

• एस१-यू: टॉवरकडून ग्राहकाचा डेटा इथून आत येतो. फाइव्हजीत याला एन३ म्हणतात.
• एस५ आणि एस८: एस-गेटवे आणि पी-गेटवे यांच्यातला रस्ता. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर एस५, रोमिंगमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील तर एस८.
• एसजीआय: इंटरनेटकडे उघडणारा दरवाजा. फाइव्हजीत एन६.
• जीएक्स: कोणत्या ग्राहकाला कोणता नियम लावायचा हे विचारण्याचा मार्ग.
• जीवाय: शिल्लक कोटा विचारण्याचा मार्ग.
• मॅनेजमेंट: इंजिनिअरला यंत्रात शिरून दुरुस्ती करण्यासाठी ठेवलेला दरवाजा.

यातले ग्राहकाच्या डेटाच्या वाटेवरचे दरवाजे चालू असले तरच चहाचं पेमेंट होतं. आता ते लावताना कोणते नियम पाळायचे ते पाहू.

नियम १: प्रत्येक कामाला वेगळा रस्ता

ग्राहकाचा डेटा, यंत्रांचे आपसातले निरोप म्हणजे सिग्नलिंग, बिलाचा हिशेब आणि दुरुस्तीचा रस्ता हे चारही वेगळे ठेवायचे. केबल एकच असली तरी व्हीलॅन वापरून तिच्यात वेगळ्या मार्गिका आखतात आणि व्हीआरएफ वापरून प्रत्येकाचा नकाशा, म्हणजे राउटिंग टेबल, वेगळा ठेवतात.

याचा फायदा गर्दीत कळतो. व्हिडिओंच्या लोंढ्यानं ग्राहक-डेटाची मार्गिका तुंबली, तरी सिग्नलिंगची मार्गिका मोकळी राहते आणि नवे फोन जोडले जात राहतात. दोन्ही एकत्र असतील तर रील्स पाहणाऱ्यांच्या गर्दीत "मला जोडून घ्या" असं सांगणारा निरोपच हरवतो.

एपीएनही याच तत्त्वावर वेगळे असतात. फोनच्या सेटिंगमध्ये 'जिओनेट', 'बीएसएनएलनेट' अशी नावं दिसतात, ते इंटरनेटचं एपीएन. व्होल्टी कॉलसाठी 'आयएमएस' नावाचं वेगळं एपीएन असतं. म्हणूनच कधीकधी कॉल लागतो, आवाजही स्वच्छ येतो, पण नेट बंद असतं. टॉवर तोच असतो, बिघडलेला असतो फक्त इंटरनेटकडचा दरवाजा.

नियम २: सगळं जोडीनं, आणि प्रत्येकजण निम्म्याच ओझ्यावर

एक केबल, एक पोर्ट किंवा एक कार्ड बंद पडलं म्हणून सेवा थांबता कामा नये. म्हणून प्रत्येक इंटरफेसला किमान दोन लिंक देतात आणि त्या वेगळ्या कार्डांवर, वेगळ्या राउटरकडे आणि शक्यतो वेगळ्या मार्गानं नेतात. दोन्ही फायबर एकाच चरातून गेले असतील, तर रस्त्याच्या कामावरचा एक जेसीबी दोन्ही एकदम तोडतो.

दोन लिंक आहेत म्हणून दोन्ही ऐंशी टक्के भरायच्या नसतात. एक तुटली तर दुसरीवर एकशे साठ टक्के ओझं येईल. म्हणून गर्दीच्या वेळीही प्रत्येक लिंक पन्नास टक्क्यांच्या आत ठेवायची.

गेटवेचा पत्ता एखाद्या पोर्टाला न देता लूपबॅक नावाच्या आभासी इंटरफेसला देतात. पोर्ट बंद पडला तरी पत्ता जिवंत राहतो आणि डेटा दुसऱ्या पोर्टानं तिथं पोहोचतो. माणसाला घराच्या एका दाराचा पत्ता न देता घराचाच पत्ता द्यावा, तसं हे आहे.

लिंक मेली हे किती लवकर कळतं, तेही महत्त्वाचं. अनेक लिंक एकत्र बांधणाऱ्या एलएसीपी या पद्धतीत दोन वेग आहेत. मंद वेगात दर ३० सेकंदांनी खुशाली विचारली जाते आणि ९० सेकंद उत्तर आलं नाही तर लिंक मेली असं मानलं जातं. जलद वेगात हे आकडे १ आणि ३ सेकंद आहेत. मध्ये दुसरं उपकरण असेल, तर लिंक तुटल्यावरही गेटवेचा पोर्ट 'चालू' दिसू शकतो. तेव्हा मंद सेटिंग असेल तर दीड मिनिट डेटा थेट खड्ड्यात जातो. बीएफडी ही पद्धत आणखी चपळ आहे. ३०० मिलिसेकंदांचं अंतर आणि तीन चुकलेले निरोप असं लावलं, तर ०.९ सेकंदात बिघाड कळतो.

इथं एक खाचही आहे. टॉवरकडचा सगळा डेटा जीटीपी नावाच्या टनेलमधून येतो आणि दोन्ही बाजूंना सहसा पोर्ट क्रमांक एकच असतो, २१५२. कोणतं पॅकेट कोणत्या लिंकवर टाकायचं हे राउटर पत्ता आणि पोर्ट पाहून ठरवतो. एका टॉवरच्या डेटात दोन्ही सारखेच असल्यामुळे तो सगळा एकाच लिंकवर लोटला जातो आणि शेजारच्या लिंक रिकाम्या राहू शकतात. यावरचा उपाय म्हणजे राउटरला टनेलचा क्रमांक, म्हणजे टीईआयडी, पाहून वाटणी करायला सांगणं.

नियम ३: पाकिटात पाकीट, म्हणून माप मोठं

हा नियम सगळ्यात जास्त वेळा चुकतो आणि त्याची लक्षणं सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात.

फोनमधून निघालेलं पॅकेट टॉवरवर दुसऱ्या पाकिटात घातलं जातं. या बाहेरच्या पाकिटाचं वजन ३६ बाइट असतं: आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि जीटीपीचे ८. बाहेरचा पत्ता आयपीव्ही६ असेल तर ते ५६ बाइट होतं. कुलूपबंद करण्यासाठी आयपीसेक वापरलं तर आणखी भर पडते.

नेटवर्कवर एका पॅकेटचं नेहमीचं कमाल माप, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट असतं. फोननं १५०० बाइटचं पॅकेट पाठवलं की ते वाटेत १५३६ बाइटचं होतं. वाटेतला दरवाजा १५०० चाच असेल, तर त्याचे तुकडे करावे लागतात किंवा ते फेकून द्यावं लागतं. अनेक पॅकेटांवर 'तुकडे करू नका' अशी खूण असते. अशा वेळी फेकणाऱ्या यंत्रानं "माप मोठं झालंय" असा निरोप पाठवायचा असतो. पण सुरक्षेच्या नावाखाली कुणी तो निरोपही अडवला असेल, तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

मोबाईलवर याचं लक्षण असं दिसतं: व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, कारण तो लहान असतो. फोटो अडकतो. वेबसाइटचं नाव वर येतं, पण पान पांढरंच राहतं. ॲप उघडतं, पेमेंट अर्ध्यावर थांबतं. रेंज फुल, टॉवर चालू, पिंगही चालू, कारण तेही लहान असतं.

उपाय दोन बाजूंनी करतात. गेटवे ते टॉवर या सगळ्या वाटेवर माप १५०० पेक्षा मोठं ठेवायचं. बरेच जण १६०० च्या पुढचं किंवा थेट ९००० चं ठेवतात. दुसरीकडे फोनलाच लहान माप सांगायचं. थ्रीजीपीपीच्या कागदपत्रांत यासाठी १३५८ बाइट हा आकडा सुचवला आहे. सगळी वेष्टनं धरूनही पॅकेट १५०० च्या आत राहावं, असा त्यामागचा हिशेब आहे. आणि चाचणी घेताना लहान पिंगवर समाधान मानायचं नाही. 'तुकडे करू नका' ही खूण लावून पूर्ण मापाचं पॅकेट पाठवून पाहायचं, तेही दोन्ही दिशांनी.

नियम ४: खुशाली विचारा, पण उतावळेपणा नको

समोरचं यंत्र जिवंत आहे का, हे पाहायला गेटवे 'इको' नावाचा निरोप पाठवतो. मानकानुसार तो एका वाटेवर ६० सेकंदांतून एकदाच पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही तर ठरलेल्या वेळा पुन्हा विचारायचं आणि तरीही शांतता असेल तर ती वाट मेली असं धरायचं.

हे 'ठरलेल्या वेळा' फार कमी ठेवलं, तर फायबर चार-पाच सेकंद हललं तरी गेटवे त्या वाटेवरची हजारो कनेक्शन एकदम तोडून टाकतो. मग ते सगळे फोन एकाच क्षणी परत जोडायला धावतात. बस पुन्हा सुरू झाली म्हणून साऱ्या फलाटानं एकाच दारातून घुसावं, तशी ही चेंगराचेंगरी असते.

जपानमधल्या केडीडीआय या कंपनीनं २ जुलै २०२२ ला हा अनुभव घेतला. देखभालीच्या कामात एक कोअर राउटर बदलताना काही मिनिटं व्होल्टीची वाहतूक खंडित झाली. बदल मागे घेतल्यावर असंख्य फोन एकदम नोंदणीसाठी आले, यंत्रणा गुदमरली आणि ग्राहकांच्या नोंदींमध्ये विसंगती झाली. कंपनीच्या सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे ३.९ कोटी जोडण्यांवर परिणाम झाला आणि सेवा पूर्ववत व्हायला ६० तासांहून जास्त लागले. मूळ चूक मिनिटांची होती, निस्तरायला दिवस गेले.

नियम ५: पत्ते पुरतील ना?

फोन जोडला गेला की गेटवे त्याला पत्त्यांच्या साठ्यातून एक पत्ता देतो. साठा संपला तर पुढच्या फोनला रेंज दिसते, पण नेट मिळत नाही. म्हणून सरासरी दिवसाऐवजी सर्वाधिक गर्दीचा दिवस धरून साठा ठेवायचा. एक गेटवे बंद पडल्यावर त्याचे ग्राहक दुसऱ्यावर येतील, हेही त्या हिशेबात धरायचं.

आयपीव्ही४ चे जाहीर पत्ते जगात पुरेसे उरलेले नाहीत. त्यामुळे कंपन्या एका जाहीर पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा, सुमारे ४१.९ लाख पत्त्यांचा वेगळा पट्टा राखून ठेवला गेला. एका जाहीर पत्त्यावर वापरता येण्याजोगे साधारण ६४ हजार पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला हजार पोर्ट दिले, तर एका पत्त्यामागे चौसष्टच्या आसपास ग्राहक बसतात. पोर्ट फार कमी दिले तर एकाच वेळी अनेक ॲप उघडणाऱ्याचं एखादं ॲप चालतं आणि एखादं लटकतं.

कोणत्या वेळी कोणता पत्ता कुणाकडे होता, याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं या नोंदी जपण्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केली. नोंद चुकली, तर सायबर गुन्ह्याच्या तपासात भलत्याच माणसाच्या दारात पोलीस पोहोचू शकतात. म्हणून सगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली असणं हाही या कामाचाच भाग आहे.

नियम ६: हिशेबनीस गप्प झाला तर काय?

जीवाय या दरवाजातून गेटवे बिलिंग सर्व्हरला विचारतो, "या ग्राहकाला किती डेटा द्यायचा?" सर्व्हर थोडा कोटा देतो, तो संपला की पुन्हा विचारणा होते. पण सर्व्हरनं उत्तरच दिलं नाही तर?

मानकात तीन पर्याय आहेत: ग्राहकाला तोडा, चालू ठेवा किंवा दुसऱ्या सर्व्हरला विचारून मग ठरवा. हा पर्याय आधीच लिहून ठेवावा लागतो, ऐनवेळी विचार करायला सवड नसते. 'तोडा' लिहिलं असेल, तर बिलिंगच्या बिघाडामुळे पैसे भरलेल्या ग्राहकाचंही नेट जातं. 'चालू ठेवा' लिहिलं, तर कंपनीचं थोडं नुकसान होतं, पण सेवा टिकते. दवाखाना, ॲम्ब्युलन्स, पेमेंट हे सगळं आज मोबाईल डेटावर चालतं. त्यामुळे ठरावीक वेळ किंवा ठरावीक डेटापर्यंत 'चालू ठेवा' हा पर्याय शहाणपणाचा ठरतो.

नियम ७: वेशीवर पहारा

जीटीपी टनेलला स्वतःचं कुलूप नसतं. म्हणून पहारा इंटरफेसवरच बसवावा लागतो. टॉवर आणि ओळखीची यंत्रं सोडून कुणाकडूनही जीटीपी स्वीकारायचं नाही. ग्राहकाच्या फोनमधून गेटवेच्या स्वतःच्या पत्त्यापर्यंत पोहोचता येऊ नये. दिलेल्या पत्त्याऐवजी दुसराच पत्ता लावून आलेलं पॅकेट टाकून द्यायचं. रोमिंगच्या दरवाजावर जीटीपी समजणारी फायरवॉल ठेवायची. मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिनं यासाठी वेगळी मार्गदर्शक कागदपत्रं काढली आहेत.

नियम ८: दुरुस्तीचा दरवाजा कधीच मुख्य वाटेवर नको

८ जुलै २०२२ ला कॅनडातलं रॉजर्स कंपनीचं नेटवर्क कोसळलं. कोअर नेटवर्कच्या अद्ययावतीकरणात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. त्यामुळे मार्गांच्या माहितीचा पूर आत शिरला आणि कोअर राउटर त्याखाली दबले. १.२ कोटींहून जास्त ग्राहकांची सेवा एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिली. दुकानांत डेबिट कार्ड चालेनात, आपत्कालीन ९११ क्रमांकाचे अनेक कॉल लागले नाहीत.

दुरुस्ती लांबण्याचं एक मोठं कारण म्हणजे इंजिनिअरांचा मॅनेजमेंटचा मार्ग त्याच कोअर नेटवर्कवर अवलंबून होता. घराला आग लागली आणि पाण्याच्या टाकीची किल्ली घरातच राहिली, असा तो प्रकार झाला. म्हणून मॅनेजमेंट इंटरफेसला वेगळी लिंक, वेगळा राउटर आणि शक्य तर दुसऱ्याच कंपनीची जोडणी द्यायची.

याच्या जोडीला बदल करण्याची शिस्त येते. काम रात्री, कमी वर्दळीच्या वेळी करायचं. मागं फिरण्याची पायरी आधी लिहून ठेवायची. बदलाआधी आणि नंतर तेच आकडे तपासायचे. आधी एका गेटवेवर बदल करायचा, थांबायचं, मगच दुसऱ्यावर. मोठ्या सणावारांच्या किंवा यात्रेच्या दिवसांत बदल करायचेच नाहीत, याला 'फ्रीज' म्हणतात. आणि जोडीची लिंक खरंच भार उचलते का, हे यात्रेच्या आधी एक केबल काढून पाहायचं.

परदेशी सिम नरसीत आलं तर?

गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांच्या ६१ रचना आहेत, त्यामुळे शीख भाविकही नरसीला येतात. त्यातल्या एखाद्या कुटुंबाकडे कॅनडाचं सिम असेल, तर एक गंमत घडते. त्यांचा फोन नरसीच्याच टॉवरला जोडलेला असतो, पण रोमिंगच्या नेहमीच्या पद्धतीत त्यांचा डेटा भारतातल्या इंटरनेटवर उतरत नाही. तो एस८ या दरवाजातून कॅनडातल्या गेटवेपर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्हणून त्यांना वेबसाइट कॅनडातल्यासारख्या दिसतात आणि प्रत्येक क्लिकला शंभराहून जास्त मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात. इथं वाट अनेक कंपन्यांच्या ताब्यातून जाते, म्हणून मोठ्या मापाची पॅकेट जातीलच असं गृहीत धरता येत नाही.

टॉवर की गेटवे? साधी पारख

• रेंजच कमी-जास्त होत असेल, कॉलही तुटत असेल, तर बहुधा टॉवर किंवा त्याची गर्दी.
• गर्दीपासून दोन किलोमीटर दूर गेल्यावर नेट सुधारलं, तर टॉवरची गर्दी.
• व्होल्टी कॉल स्वच्छ लागतो, नेट मात्र अजिबात नाही आणि त्याच कंपनीच्या हिंगोली, परभणी, नांदेडच्या ओळखीच्यांकडेही तेच, तर संशय गेटवेवर किंवा त्याच्या इंटरनेटकडच्या दरवाजावर.
• मजकूर जातो, पण मोठं काही जात नाही, तर पॅकेटच्या मापाचा घोळ असू शकतो.
• फक्त आपल्याच फोनवर नेट नाही, तर आधी कोटा, एपीएन आणि सिम तपासावं.

नेट नसताना पेमेंट करायचंच असेल, तर *९९# ही सोय आहे. ती इंटरनेटच्या गेटवेतून जात नाही, म्हणून ती सोय देणाऱ्या कंपन्यांच्या सिमवर नेटशिवाय चालते. अर्थात मोबाईल क्रमांक बँकेशी जोडलेला हवा. अडकलेलं पेमेंट पुन्हा करण्याआधी बँकेचा संदेश किंवा ॲपमधला इतिहास पाहावा, म्हणजे दोनदा पैसे जात नाहीत.

ग्राहकाच्या हातात काय?

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले. जिल्हा पातळीवर सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली, तर कंपनीनं त्याची माहिती ट्रायला देणं बंधनकारक आहे. असा बिघाड २४ तासांपेक्षा जास्त चालला, तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकांना वैधतेची वाढ द्यावी लागते.

यातली अडचण नीट पाहायला हवी. एकट्या नरसीचा टॉवर दिवसभर बंद राहिला, तर तो जिल्ह्याचा बिघाड ठरत नाही. गेटवेचा दोष मात्र सहसा एका गावापुरता नसतो, तो एकाच वेळी अनेक जिल्ह्यांना बसतो. पण बहुतेकदा तो चार तासांच्या आत निस्तरला जातो, त्यामुळे तिथंही भरपाईचा प्रश्न येत नाही. म्हणजे परतवारीच्या दिवशी दुपारी दोन तास पेमेंट अडलं आणि चहावाल्याचा धंदा बुडाला, तर त्याची भरपाई या नियमांत नाही. त्याच्यासाठी खरं संरक्षण एकच उरतं: वर सांगितलेले नियम कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच पाळलेले असणं.

तरीही तक्रार नोंदवणं फुकट जात नाही. १९८ या क्रमांकावर तक्रार करून तिचा डॉकेट नंबर घ्यावा आणि ठिकाण, वेळ, कॉल लागत होता का, काय चालत होतं आणि काय नाही, हे सांगावं. "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं तर तक्रार टॉवरच्या खात्यात जाते. "फुल रेंज आहे, कॉल लागतो, मजकूर जातो, पण पेमेंट आणि फोटो अडकतात" असं सांगितलं, तर ती योग्य टेबलावर पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते.